औषध फुकट आहे, मग खर्च कशाचा?




आदिवासी पाड्यांवरील आरोग्यकामासाठी आपण मंडळीपुढे वर्गणीची यादी ठेवली की एक प्रश्न हमखास येतो. कुष्ठरोगाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. जंताच्या गोळ्या शाळेत वाटतात. हत्तीरोगाच्या गोळ्या तर आरोग्यसेविका घरी आणून देतात. मग आपल्या संस्थेला पैसे कशासाठी हवेत? आणि हे सगळे सरकारचेच काम असेल, तर मिशनने त्यात पडावे तरी का?

प्रश्न रास्त आहे. दशांश देणाऱ्याला आपला रुपया कुठे जातो हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. त्याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून या अंकात ते जरा सविस्तर मांडत आहे.

दुर्लक्षित रोग म्हणजे कोणते?

जागतिक आरोग्य संघटना काही रोगांना ‘दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोग’ म्हणते. त्यांच्या यादीत आज 21 रोग किंवा रोगगट आहेत. कुष्ठरोग, हत्तीरोग, पोटातले जंत, काळा आजार, नारू, खरूज, सर्पदंश ही त्यांतली आपल्या ओळखीची नावे. जगातील एक अब्जाहून अधिक माणसे यांच्या तावडीत आहेत.

हे रोग बहुधा एकदम जीव घेत नाहीत. ते पाय सुजवतात, बोटे वाकडी करतात, डोळे घालवतात, मुलांचे रक्त शोषतात. माणूस जगतो, पण त्याची मजुरी बुडते, लग्न मोडते, शाळा सुटते. मोर्चा निघावा, वर्तमानपत्रात मथळा यावा असे त्यांत काही घडत नाही. शिवाय हे रोग ज्यांना होतात त्यांच्या खिशात औषधाला पैसे नसतात. म्हणून औषध कंपनीला त्यात बाजारपेठ दिसत नाही आणि खासगी डॉक्टर पाड्यावर दवाखाना थाटत नाही. रोगी गरीब, गाव दूर आणि रोग सावकाश. असे तिन्ही जुळून आले की बाजार तेथे जात नाही. तेथे जाऊ शकतो तो फक्त सार्वजनिक पैसा, म्हणजे कराच्या रूपाने आपण सर्वांनी भरलेला आणि सरकारने खर्च केलेला पैसा.

नारू कसा गेला?

आपल्या वडीलधाऱ्यांना नारू आठवत असेल. पायाला फोड यायचा, आग व्हायची आणि त्यातून दोऱ्यासारखा, जवळजवळ मीटरभर लांब जंत हळूहळू बाहेर यायचा. काडीला गुंडाळून तो रोज थोडा थोडा ओढावा लागे. अरण्यात इस्राएल लोकांना दंश करणारे ‘आग्या साप’ म्हणजे हाच नारू असावा, असे गणनाच्या 21 व्या अध्यायाबद्दल काही अभ्यासक म्हणतात. ते असो वा नसो, त्या दुखण्याला आगीची उपमा शोभते.

या रोगावर ना लस होती, ना औषध. तरीही भारतातून तो गेला. 1983-84 मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात सुमारे 40,000 रोगी सापडले होते. महाराष्ट्रही त्या राज्यांपैकी एक होता. नारूची अळी पाण्यातल्या बारीक किड्यांत वाढते. रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरला, फोड पाण्यात भिजला की हजारो अळ्या पाण्यात पडतात आणि तेच पाणी गाव पितो. म्हणून कार्यक्रमाने चार साध्या गोष्टी केल्या. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून वरून पोहऱ्याने शेंदण्याच्या विहिरी केल्या, हातपंप बसवले, पाणी दुहेरी कापडातून गाळायला शिकवले आणि पाण्यात किडेमार औषध टाकले. गावोगाव फिरून रोगी शोधणारी माणसे वर्षानुवर्षे पगारावर ठेवली. शेवटचा रोगी जुलै 1996 मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले.

जगात 1986 साली नारूचे अंदाजे 35 लाख रोगी होते. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर हे आपल्या मंडळीत रविवारचा शास्त्रवर्ग घेणारे विश्वासू होते. त्यांच्या संस्थेने हे काम अनेक देशांत चिकाटीने पुढे नेले. 2023 मध्ये साऱ्या जगात मिळून फक्त 14 माणसांना नारू झाला.

यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की फुकट गोळी नसतानाही रोग गेला. खर्च झाला तो विहिरींवर, कापडावर आणि चालणाऱ्या माणसांवर. आणि तो शेवटचा रोगी बरा होईपर्यंत थांबवला नाही.

दुसरे उदाहरण ‘यॉज’ या त्वचा आणि हाडांच्या रोगाचे. तो महाराष्ट्रासह अनेक राज्यांतील आदिवासी भागांत होता. जिथे रस्ता संपतो तिथे हा रोग सुरू होतो, असे त्याच्याबद्दल म्हटले जाई. पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनने तो बरा होतो. अवघड होते ते इंजेक्शन घेऊन रस्ता संपल्यावर पुढे चालत जाणे. 1996-97 मध्ये ओडिशातील कोरापुट जिल्ह्यापासून काम सुरू झाले आणि 2016 मध्ये भारत यॉजमुक्त ठरला.

कुष्ठरोग: शर्यत संपण्याआधी घातलेला हार

कुष्ठरोगाशी ख्रिस्ती मंडळींचे नाते जुने आहे. पंजाबात शिक्षक असताना कुष्ठरोग्यांची अवस्था पाहिलेल्या वेलस्ली बेली यांनी 1874 मध्ये डब्लिन येथे जे मिशन उभे केले, तेच आज ‘द लेप्रसी मिशन’ म्हणून ओळखले जाते. मेळघाटाच्या पायथ्याशी परतवाड्याजवळील कोठारा येथे त्यांचे रुग्णालय आहे. आपल्या शेजारी मिरजेतही कुष्ठरोग्यांसाठी मिशनचे रुग्णालय उभे राहिले. कोल्हापूरकरांना शेंडा पार्क हे नाव आधी कुष्ठधामामुळेच ठाऊक झाले. अमरावतीचे तपोवन, वरोऱ्याचे आनंदवन, वर्ध्याचे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान अशी सेवेची मोठी परंपरा महाराष्ट्राने पाहिली.

पण संस्था थोड्या होत्या आणि रोगी लाखो. 1955 मध्ये सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. 1980 च्या दशकात बहुविध औषधोपचार आला. आता 6 किंवा 12 महिने गोळ्या घेतल्या की रोगी बरा होऊ लागला. 1983 मध्ये त्याला निर्मूलन कार्यक्रम असे नाव मिळाले. त्यावेळी दर 10,000 लोकांमागे सुमारे 58 रोगी होते. 1993 पासून जागतिक बँकेचे कर्ज मिळाले, स्वतंत्र कर्मचारी नेमले गेले, घरोघर तपासणी झाली. डिसेंबर 2005 मध्ये हे प्रमाण 10,000 मागे एकाच्याही खाली आले आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोग संपल्याचे जाहीर झाले.

येथेच मोठी गफलत झाली. ‘समस्या म्हणून संपला’ याचा अर्थ लोकांनी ‘रोग संपला’ असा घेतला. स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली गेली, घरोघरचा शोध मंदावला, जाणते कर्मचारी निवृत्त झाले आणि लक्ष दुसरीकडे वळले. जंतू मात्र थांबला नव्हता. संसर्गानंतर रोग दिसायला सरासरी पाच वर्षे लागतात, कधी वीसही. पुढे 2016 मध्ये निवडक जिल्ह्यांत पुन्हा घरोघर शोधमोहीम घेतली, तेव्हा लपलेले हजारो रोगी बाहेर आले. आजही जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात. ही संख्या एक लाखाच्या वर आहे. महाराष्ट्रात पालघर, गडचिरोली, चंद्रपूर अशा आदिवासीबहुल जिल्ह्यांत रोगाचा जोर जास्त आहे.

ज्या वर्षी रोगी शोधण्याचा खर्च वाचतो, त्या वर्षी कागदावर रोगीही कमी दिसतात. न शोधलेला रोगी मोजला जात नाही. काही वर्षांनी तो बोटे वाकडी झालेल्या अवस्थेत दवाखान्यात येतो. मग गोळ्यांनी जंतू मरतात, पण गेलेली संवेदना परत येत नाही. वाचलेला पैसा त्या माणसाच्या हातापायांतून वसूल होतो.

आता केंद्र सरकारने 2027 पर्यंत कुष्ठरोगाचा प्रसार थांबवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. रोग्याच्या सहवासातील निरोगी माणसांना रिफॅम्पिसिन या औषधाची एक मात्रा देऊन रोग टाळण्याचा प्रयत्नही सुरू आहे. पण ती मात्रा देण्यासाठी आधी रोगी सापडायला हवा, आणि त्याने आपले नाव शेजाऱ्यांसमोर येण्याची भीती सोडायला हवी.

हत्तीरोग: गोळी हातात आणि गोळी पोटात

हत्तीरोग डासांमुळे पसरतो. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा विदर्भाचा पूर्व पट्टा त्याचे जुने ठाणे. याचे जंत माणसाच्या शरीरात अनेक वर्षे जगतात. पाय सुजण्याच्या कितीतरी आधी, वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या रक्तात त्यांची पिल्ले फिरत असतात. म्हणून येथे रोग्यालाच नव्हे, तर साऱ्या गावाला वर्षातून एकदा गोळ्या देतात. याला सामुदायिक औषधोपचार म्हणतात. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसे सोडून सर्वांनी त्या घ्यायच्या असतात. निदान 65 टक्के लोकांनी वर्षानुवर्षे त्या खरोखर गिळल्या, तरच साखळी तुटते. जानेवारी 2019 मध्ये नागपूर जिल्ह्यात दोनऐवजी तीन औषधे एकत्र देण्याची नवी पद्धत सुरू झाली. देशात ही पद्धत प्रथम ज्या थोड्या जिल्ह्यांत आली, त्यांत नागपूर होते.

आता यात फुकट काय आहे ते पाहा. अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन ही दोन औषधे बनवणाऱ्या कंपन्या जागतिक आरोग्य संघटनेमार्फत ती दान देतात. कुष्ठरोगाची औषधेही 2000 पासून अशीच दानात येतात. तिसरे औषध, डीईसी, आपल्याच देशात बनते आणि ते सरकार विकत घेते. म्हणजे गोळीचा खर्च जवळजवळ मिटला. पण गोळी गोदामातून पाड्यावर नेणारी गाडी, गोळी समोर बसून गिळायला लावणारी आशाताई, चक्कर आली तर धावून येणारे पथक, रात्री रक्ताचे नमुने घेणारे कर्मचारी आणि पाच वर्षांनी पुन्हा येऊन साखळी तुटली का हे तपासणारी चमू यांचे काय? आशाताईला या मोहिमेत 50 घरे किंवा 250 माणसांसाठी दिवसाला 200 रुपये, तेही जास्तीत जास्त तीन दिवस, असा मोबदला केंद्राच्या सूचनांत ठरलेला आहे. विखुरलेल्या पाड्यांत 50 घरे म्हणजे किती डोंगर, हे आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. घाईत गोळ्या घरात ठेवून यावे लागले, तर त्या कोनाड्यातच राहतात. कागदावर मात्र वाटप पूर्ण होते.

याचा परिणाम तारखांत दिसतो. 2002 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने हत्तीरोग 2015 पर्यंत घालवण्याचे ठरवले होते. 2017 च्या धोरणाने 2017 साल दिले. आता 2027 हे साल आहे. औषध तेव्हाही होते. कमी पडले ते शेवटच्या घरापर्यंतचे काम.

पैसा येतो कोठून?

हे रोग घालवण्याच्या आपल्या देशातील कामाचा मुख्य खर्च राष्ट्रीय आरोग्य अभियानातून होतो. महाराष्ट्रात त्यातील 60 टक्के वाटा केंद्राचा आणि 40 टक्के राज्याचा असतो. जिल्हा दरवर्षी आराखडा करतो, राज्य तो एकत्र करते, केंद्र मंजुरी देते आणि मग पैसा हप्त्याहप्त्याने खाली उतरतो. हप्ता उशिरा आला की मोहीम पुढे जाते. मोहीम पावसाळ्यात गेली की नदीपलीकडचे पाडे राहून जातात. 2017 च्या धोरणात आरोग्यावरील सरकारी खर्च 2025 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करण्याचे वचन होते. ते वचन पुरे झालेले नाही.

आदिवासींसाठी राज्याच्या अर्थसंकल्पात वेगळी तरतूद असते. 1992 मध्ये सुकथनकर समितीने सुचवल्यानुसार आदिवासींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे साधारण नऊ टक्के, योजना निधी बाजूला काढण्याची पद्धत महाराष्ट्राने सुरू केली. 2015 मध्ये राज्याने आणखी एक महत्त्वाचा निर्णय घेतला. या आदिवासी निधीतील पाच टक्के रक्कम पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट द्यायची. ती कशावर खर्च करायची हे ग्रामसभा ठरवते आणि आरोग्य व स्वच्छता हा त्यातला मान्य विषय आहे. पुणे, पालघर, नाशिक, नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत 13 जिल्ह्यांत पेसा लागू आहे. कोल्हापूर त्यात नाही. पण आपण जेथे काम करतो ते पाडे अशा क्षेत्रात असतील, तर तेथील ग्रामसभेला हा पैसा आपला आहे हे माहीत असणे फार मोलाचे आहे.

जगाकडे पाहिले तर चित्र चिंतेचे आहे. ब्रिटनने 2021 मध्ये परदेशी मदत कमी करताना या रोगांवरचा आपला मोठा कार्यक्रम मुदतीआधी गुंडाळला. अमेरिकेचा कार्यक्रम 2006 पासून अनेक देशांना आधार देत होता, तो जानेवारी 2025 मध्ये मदतबंदीच्या आदेशाबरोबर थांबला. आफ्रिकेतील काही देशांत गोळ्या येऊनही वाटप अडले. भारताचे काम मुख्यतः स्वतःच्या पैशावर चालते, म्हणून आपल्याला तेवढा धक्का बसला नाही. यातून बोध एवढाच की दुसऱ्याच्या दानावर उभे असलेले काम दात्याचे मन बदलले की थांबते, आणि स्वतःच्या अर्थसंकल्पात बसलेले काम टिकते. मिशनच्या कामालाही हे लागू आहे. म्हणून रोग्याचा हक्क सरकारी यंत्रणेतच पक्का व्हावा, याकडे आपले लक्ष हवे.

मग मंडळीचा वाटा कोणता?

लूकच्या 10 व्या अध्यायातील शोमरोनी माणसाने जखमा स्वतः बांधल्या, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याने पुढे काय केले याकडे आपले लक्ष कमी जाते. त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परतताना भरून देईन असे सांगितले. सेवा पुढे चालू राहील अशी व्यवस्था त्याने केली, आणि हिशेब विचारायला परत येण्याचे वचनही दिले. दया आणि अर्थसंकल्प यांत त्याला विरोध दिसला नाही.

आणि 2 राजे 5 मध्ये नामानाच्या घरातली ती लहान दासी आठवा. तिच्याजवळ औषध नव्हते. बरे होण्याची जागा कोठे आहे एवढेच तिला माहीत होते, आणि ते तिने सांगितले. आपली सेवा बरीचशी त्या मुलीसारखी आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. आपल्या वर्गणीतून गोळ्या विकत घेऊ नयेत, कारण त्या आधीच मिळतात. आपला पैसा जावा तो गोळी आणि माणूस यांच्यामधल्या अंतरावर. पाड्यावरून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंतचे गाडीभाडे, तपासणीच्या दिवशी बुडालेली मजुरी, बोलीभाषेत समजावणारा कार्यकर्ता, बधिर पायाच्या जखमा रोज धुवायला शिकवणे, वाकडी बोटे सरळ करणाऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी सोबत राहणे. सरकारकडून मिळणाऱ्या गोष्टीही मागितल्याशिवाय हातात पडत नाहीत. बधिर पायांसाठी मऊ रबराच्या चपला, शस्त्रक्रियेनंतरचा भत्ता, संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान आणि 2016 च्या कायद्यानुसार मिळणारे अपंगत्वाचे प्रमाणपत्र. यांतील प्रत्येकाला कागद लागतात, आणि निरक्षर रोग्यासाठी तो कागद भरणारा हात म्हणजेच औषधाचा अर्धा भाग.

कोल्हापूर पेसात नाही म्हणून हा विषय आपला नाही असे समजू नका. ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर येणारी कुटुंबे आपल्याच शिवारात चार-सहा महिने राहतात. 6 किंवा 12 महिन्यांचा उपचार या स्थलांतरातच तुटतो. आपल्या शेजारच्या खोपटात कोणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर, न खाजणारा, न दुखणारा, स्पर्श न कळणारा चट्टा दिसला, तर त्याला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सीपीआरमध्ये घेऊन जा. तपासणी आणि उपचार मोफत आहेत. गावी परत जाणार असेल तर उरलेल्या गोळ्या सोबत मिळण्याची विनंती करा. मिशनच्या वसतिगृहांच्या पालकांनी 10 फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनी आपल्या प्रत्येक मुलाला गोळी मिळाली की नाही, हे स्वतः पाहावे.

पाळकांनाही एक विनंती. 30 जानेवारी हा गांधीजींचा स्मृतिदिन देशात कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळतात, आणि जगभर तोच दुर्लक्षित रोगांचा दिवस आहे. त्याच्या जवळच्या रविवारी उपासनेत यावर बोलावे. बोलताना कुष्ठ हे पापाचे चिन्ह असा अर्थ निघणार नाही, याची काळजी घ्यावी. पवित्र शास्त्रातील तो शब्द अनेक त्वचारोगांसाठी आहे, आणि प्रभूने त्या माणसांना आधी स्पर्श केला. आपल्या ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या 1869 च्या घटस्फोट कायद्यातही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. ते 2019 मध्ये काढले गेले. कायद्याने जे सोडले, ते मंडळीने मनात धरून ठेवू नये.

आणि मत मागायला येणाऱ्या उमेदवारांना पंक्तीत बसवताना एवढे विचारा: आमच्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रात किती जागा रिकाम्या आहेत? कुष्ठरोग शोधणारी माणसे आहेत का? पैसा आला तर तो वेळेत खर्च झाला का?

प्रार्थनाविषय

डोंगर चढून घरोघर जाणाऱ्या आशाताई आणि आरोग्यसेवकांसाठी. रोग लपवून बसलेल्यांना बोलण्याचे धैर्य मिळावे म्हणून. अर्थसंकल्प करणाऱ्यांना शेवटचा पाडा दिसावा म्हणून. आणि 2027 ची तारीख यावेळी पुढे ढकलली जाऊ नये म्हणून.

प्रभूच्या सेवेत,
आरोग्य व समाजसेवा विभाग, कळंबा, कोल्हापूर